विलीनीकरण, कर्मचारी आणि कार्यसंस्कृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजया बँक आणि देना बँक यांचे बँक ऑफ बडोदामध्ये विलीनीकरण झाले तेव्हा समभागांच्या अदलाबदलीचे प्रमाण सर्व वर्तमानपत्रांत छापून आले होते. विजयाच्या १,००० समभागांमागे बडोद्याचे ४०२ समभाग मिळणार होते, तर देनाच्या १,००० समभागांमागे ११०. हे प्रमाण ठरवण्यासाठी मूल्यांकन करणारे तज्ज्ञ नेमले जातात, हरकती ऐकल्या जातात आणि आकडा शेवटी राजपत्रात येतो. देना बँकेत अठरा वर्षे काढलेल्या अधिकाऱ्याची ज्येष्ठता नव्या बँकेत कशी मोजायची, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा 'पुढे पाहू' या शब्दांवर सोडला जातो. मानव संसाधन विभागात काम करताना मी दोन विलीनीकरणे जवळून पाहिली, एक विकत घेणाऱ्या बाजूने आणि एक विकल्या गेलेल्या बाजूने. दोन्ही वेळी लोकांनी जवळपास हेच प्रश्न विचारले. उदाहरणे मुख्यतः भारतातील बँका आणि विमान कंपन्यांची घेतली आहेत, कारण त्यांचा तपशील सार्वजनिक आहे आणि महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांनी तो अनुभवला आहे.

विलीनीकरणाची घोषणा झाली की पुढे नेमके काय होते, आणि त्याला किती काळ लागतो?

लोक एक तारीख लक्षात ठेवतात, पण प्रत्यक्षात तारखा अनेक असतात. बँक ऑफ बडोदाच्या बाबतीत सरकारने १७ सप्टेंबर २०१८ रोजी प्रस्ताव जाहीर केला, २ जानेवारी २०१९ रोजी मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि १ एप्रिल २०१९ रोजी तीन बँका कायद्याने एक झाल्या. त्या दिवशी सकाळी शाखा उघडल्या तेव्हा कर्मचारी तेच होते, संगणकप्रणालीही जुनीच होती. विजया बँकेच्या २,१२८ शाखा सप्टेंबर २०२० मध्ये आणि देना बँकेच्या १,७७० शाखा डिसेंबर २०२० मध्ये नव्या प्रणालीवर आल्या. घोषणेपासून मोजले तर सव्वादोन वर्षे झाली.

खासगी कंपन्यांमध्ये कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २३० ते २३२ अन्वये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची मंजुरी लागते आणि तेथेही अनेक महिने जातात. या प्रक्रियेत भागधारक आणि धनको मतदान करतात. कर्मचाऱ्यांना मत नसते. त्यामुळे योजनेच्या मसुद्यातील कर्मचाऱ्यांविषयीचे कलम प्रत्येकाने स्वतः वाचावे. सहसा ते एका परिच्छेदाचेच असते, पण पुढच्या सर्व हक्कांचा आधार तोच परिच्छेद असतो.

माझी नोकरी जाईल का?

हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जातो, आणि त्याचे खरे उत्तर देण्याचे धैर्य फार थोड्या व्यवस्थापनांना होते. कायद्याची बाजू आधी पाहू, कारण तिची मुळे आपल्याच मातीत आहेत.

बार्शी लाइट रेल्वे ही कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर या भागाला जोडणारी खासगी अरुंदमापी रेल्वे होती. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली. कामगारांना जुन्या कंपनीकडून नोकरी संपल्याच्या नोटिसा मिळाल्या आणि त्यांनी नुकसानभरपाई मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९५६ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, धंदा खरोखर दुसऱ्याच्या हाती गेल्यामुळे नोकरी संपली, तर त्याला कामगारकपात म्हणता येत नाही आणि म्हणून कपातीची भरपाईही देय नाही. या निकालाने देशभरातील कामगार उघड्यावर पडण्याची वेळ आली, तेव्हा १९५७ मध्ये संसदेने औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ एफएफला आजचे रूप दिले. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराचा उद्योग हस्तांतरित झाला, तर त्याला कपातीप्रमाणेच नोटीस आणि भरपाई मिळते. यातून मालकाला सुटका हवी असेल, तर तीन अटी पाळाव्या लागतात : कामगाराच्या सेवेत खंड पडता कामा नये, सेवाशर्ती आधीपेक्षा कमी लाभाच्या असता कामा नयेत, आणि पुढे कधी कपात झालीच तर नव्या मालकाने जुनी सेवा धरून भरपाई दिली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे आणि जुन्या कायद्याची जागा तिने घेतली असली, तरी हे तत्त्व तिच्यातही कायम आहे.

हे संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. व्यवस्थापक, तसेच पर्यवेक्षकाचे काम करणारे आणि नव्या संहितेनुसार दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे कर्मचारी त्या व्याख्येबाहेर राहतात. त्यांना आधार आहे तो त्यांच्या नेमणूकपत्राचा आणि विलीनीकरणाच्या योजनेतील कलमाचा. ज्यांना आपण सुरक्षित समजतो त्या वरिष्ठांच्याच जागा विलीनीकरणात अधिक धोक्यात येतात. दोन संस्थांचे दोन लेखाप्रमुख असतात आणि नव्या संस्थेला एकच हवा असतो. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाची मात्र दोन्ही कारखान्यांत गरज राहते.

व्यवस्थापनाला माझे सांगणे असे की, 'कोणाचीही नोकरी जाणार नाही' हे वाक्य संचालक मंडळाने लेखी मान्य केलेले नसेल तर उच्चारू नये. त्याऐवजी कोणत्या विभागांत जागा दुप्पट होतात, निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल आणि तो कोण घेईल, एवढे सांगितले तरी लोक काम करू शकतात.

माझी आधीची सेवा, शिल्लक रजा आणि ग्रॅच्युइटी यांचे काय होते?

योजनेत 'सेवेत खंड न पडता' असे शब्द असतील तर जुनी सेवा जशीच्या तशी पुढे धरली जाते, आणि ग्रॅच्युइटीसाठी नियमित कर्मचाऱ्याची पाच वर्षे जुन्या नेमणुकीच्या तारखेपासूनच मोजली जातात. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक बदलत नाही. रजेच्या बाबतीत मात्र घोटाळे होतात, कारण एका संस्थेत अर्जित रजा ३० दिवस साठवता येते आणि दुसरीत १८० दिवस, अशा तफावती अगदी सर्रास आढळतात. जास्तीच्या रजेचे पैसे मिळणार की ती बुडणार, हे विलीनीकरणाच्या तारखेपूर्वी लेखी ठरले पाहिजे. त्या तारखेच्या आदल्या दिवशीच्या रजाशिल्लकीचा उतारा प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावा.

मला नव्या मालकाकडे जायचे नसेल तर?

कर्मचारी हा यंत्रसामग्रीसारखा हस्तांतरित करता येत नाही, हे तत्त्व आपल्याकडील न्यायालयांनी मान्य केलेले आहे. २०११ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, कामगाराची संमती नसेल तर त्याला नव्या व्यवस्थापनाखाली काम करण्यास भाग पाडता येत नाही. अशा कामगाराला भरपाई देऊन मोकळे करावे लागते. व्यवहारात मात्र विरोध न नोंदवता नव्या कंपनीचे वेतन घेत राहिल्यास ती संमतीच मानली जाण्याची शक्यता असते. म्हणून नकार द्यायचा असेल तर तो वेळेत, लेखी आणि कायद्याच्या सल्ल्यानेच द्यावा.

पदनाम आणि ज्येष्ठता यांवर एवढे वाद का होतात? पगार तर तोच राहतो ना?

पगार तोच राहिला तरी पुढचा पगार, पुढची बढती आणि निवृत्तीच्या वेळचे पद ज्येष्ठतेवर ठरते. सुरुवातीला म्हटलेला, 'पुढे पाहू' म्हणून सोडला जाणारा ज्येष्ठतेचा प्रश्न तो हाच. समभागांचे प्रमाण चुकले तर एकदाच नुकसान होते, पण ज्येष्ठता यादी चुकली तर माणूस निवृत्त होईपर्यंत रोज ते नुकसान सोसतो.

या विषयावरचा आपल्या देशातील सर्वांत महागडा धडा एअर इंडियाचा आहे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन्ही सरकारी कंपन्या २००७ मध्ये एक झाल्या. एकीचे मुख्यालय मुंबईत नरिमन पॉइंटला होते, दुसरीचे दिल्लीत. एक परदेशी मार्गांवर उडत असे आणि दुसरी प्रामुख्याने देशांतर्गत. वैमानिकांच्या संघटना वेगळ्या, वेतनाची रचना वेगळी, बढतीचा वेग वेगळा, प्रवासातील हॉटेलांचे नियमही वेगळे. कंपनी एक झाली, पण या गोष्टी एक करण्याचे काम लांबणीवर पडत गेले. एप्रिल २०११ च्या अखेरीस पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले आणि तो संप दहा दिवस चालला. त्याच वर्षी माजी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. म्हणजे ज्या प्रश्नांची उत्तरे २००७ च्या आधी हवी होती, त्यांवरील शिफारशी विलीनीकरणाच्या पाचव्या वर्षी हाती आल्या. तोपर्यंत अविश्वास इतका वाढला होता की, मे २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले. नव्या बोइंग ७८७ विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही दिले जाणार होते आणि त्यामुळे आपली बढती मागे पडेल अशी त्यांची भीती होती. तो संप ५८ दिवस चालला.

या दोन संपांकडे 'वैमानिकांचा हट्ट' म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. एका गटाला वाटत होते की आपल्याला कमी लेखले जाते आहे, दुसऱ्याला वाटत होते की आपल्या हक्काचे वाटून टाकले जाते आहे, आणि दोघांनाही आपला क्रमांक कोठे लागेल हे सांगणारी मान्य यादी त्यांच्या समोर नव्हती.

याच्या तुलनेत सरकारी बँकांना एक मोठा आधार होता. त्यांचे वेतन इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटना यांच्यातील द्विपक्षीय कराराने उद्योगभर ठरते आणि अधिकाऱ्यांच्या स्केल एक ते सात या श्रेणी सर्वत्र सारख्याच आहेत. देनाच्या स्केल तीनमधील व्यवस्थापकाला बडोद्याच्या स्केल तीनमध्ये बसवणे त्यामुळे शक्य झाले. प्रश्न उरतो तो एकाच स्केलमधील क्रमाचा. एका बँकेत बढती पाच वर्षांत मिळाली आणि दुसरीत आठ वर्षांत, तर स्केलमध्ये येण्याची तारीख धरावी की नोकरीत लागण्याची? पहिल्या पद्धतीत संथ बढती देणाऱ्या बँकेचे लोक मागे पडतात, दुसरीत वेगाने पुढे आलेल्यांवर अन्याय होतो. निर्दोष पद्धत अस्तित्वात नाही. सूत्र आधी जाहीर करावे, तात्पुरती यादी लावावी, हरकतींसाठी पुरेसा अवधी द्यावा आणि प्रत्येक हरकतीला कारणासह लेखी उत्तर द्यावे. सूत्र पटले नाही तरी ते सर्वांना सारखेच लावले आहे हे दिसले, तर बहुतेक लोक स्वीकारतात, असा माझा अनुभव आहे.

एकाच कामासाठी दोन वेतनरचना असतील तर कोणती ठेवावी?

जुन्या कर्मचाऱ्यांचे एकूण वेतन संरक्षित करून नवी रचना लावणे ही रूढ पद्धत आहे. पण 'एकूण' या शब्दात धोका दडलेला असतो. टाटा समूहाने विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन करण्याची तयारी चालवली, तेव्हा २०२४ च्या सुरुवातीला विस्ताराच्या वैमानिकांपुढे नवा करार ठेवण्यात आला. आधी त्यांना महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचे वेतन निश्चित मिळत असे. नव्या रचनेत निश्चित वेतन ४० तासांचे होते आणि पुढच्या तासांचे वेगळे. जास्त उडणाऱ्याचे फारसे बिघडणार नव्हते, पण गृहकर्जाचा हप्ता माणूस निश्चित उत्पन्नावर बांधतो, कमाल उत्पन्नावर नाही. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये वैमानिक उपलब्ध नसल्याने विस्ताराला मोठ्या संख्येने उड्डाणे रद्द करावी लागली आणि त्यानंतर रोजच्या २५ ते ३० फेऱ्या कमी कराव्या लागल्या. विलीनीकरण १२ नोव्हेंबर २०२४ रोजी पूर्ण झाले. असा बदल करण्याआधी प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या स्वतःच्या आकड्यांचा कागद द्यावा : मागील बारा महिन्यांत काय मिळाले आणि तेच काम नव्या रचनेत केले असते तर काय मिळाले असते.

कार्यसंस्कृती म्हणजे नेमके काय? ती 'जुळवायची' कशी?

हा शब्द इतका वापरला जातो की त्याला हाताशी धरता येत नाही. माझ्या दृष्टीने कार्यसंस्कृती म्हणजे नियमपुस्तकात न लिहिलेल्या पण सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टी. साहेबांना नावाने हाक मारता येते की नाही, चूक झाली तर आधी फोन करायचा की आधी खुलासा लिहायचा, सहाला घरी निघणारा माणूस कार्यक्षम मानला जातो की कामचुकार, शाखेत ग्राहकाशी मराठीत बोलतात की कानडीत, आणि कोणत्या रकमेपर्यंतचा निर्णय कोण घेतो.

पुण्याजवळच्या एका कारखान्यातील प्रसंग मला आठवतो. आम्ही विकत घेतलेल्या त्या लहान कंपनीत माल सदोष दिसला की ऑपरेटर स्वतः लाइन थांबवत असे. तो त्याचा अधिकार आणि अभिमान होता. आमच्याकडे लाइन थांबवायला शिफ्ट इन्चार्जची सही लागे. एकत्रीकरणानंतर आम्ही आमचाच नियम तेथे लावला, आणि तो लावताना कोणालाही त्यात काही गैर वाटले नाही. तीन महिन्यांत परत आलेल्या मालाचे प्रमाण वाढले. चौकशीसाठी गेलो तेव्हा पंचवीस वर्षे काम केलेले एक ऑपरेटर मला म्हणाले, "साहेब, दोष मला आजही दिसतो. पण आता तो माझा राहिला नाही." आम्ही त्यांच्याकडून यंत्रे, जागा आणि ग्राहक विकत घेतले होते, आणि त्या कंपनीचा माल ज्यामुळे चांगला होता तीच सवय आमच्या नियमाने काढून टाकली होती. पुढे त्यांची पद्धत आम्ही आमच्या मूळ कारखान्यातही आणली, पण मधल्या काळात त्यांच्यातील चांगली चार माणसे सोडून गेली होती.

म्हणून संस्कृती जुळवण्याचे काम घोषवाक्यांपासून सुरू करू नये. दोन्ही बाजूंच्या अशा पंधरा-वीस सवयींची यादी त्या त्या कामावरच्या लोकांकडून करून घ्यावी, आणि प्रत्येकीबाबत कोणाची पद्धत ठेवायची याचा निर्णय कारणासह जाहीर करावा. त्या यादीत एकही गोष्ट लहान संस्थेकडून घेतलेली नसेल, तर 'हे समानांचे एकत्रीकरण आहे' हे वाक्य भाषणातून काढून टाकावे.

जुन्या संस्थेच्या नावाचे लोकांना एवढे दुःख का होते?

कारण ते नाव कोणीतरी उभे केलेले असते. देना हे नाव देवकरण नानजी या संस्थापक घराण्याच्या नावातून आले. विजया बँक १९३१ मध्ये मंगळूर येथे स्थापन झाली आणि दक्षिण कन्नडमधील शेतकऱ्यांना तिने सावरले. बँक ऑफ बडोदाची स्थापना १९०८ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी केली. १ एप्रिल २०२० रोजी मुंबईच्या युनियन बँकेत विलीन झालेली आंध्र बँक पट्टाभि सीतारामय्या यांनी १९२३ मध्ये मछलीपट्टण येथे सुरू केलेली होती, आणि तिचे नाव जाऊ नये अशी मागणी तेलुगू भाषकांमधून जोराने झाली होती. तीस वर्षे 'मी देना बँकेत आहे' असे सांगणाऱ्या माणसाला फाटकावरची पाटी उतरताना गहिवरून आले, तर त्याला 'बदलाला विरोध' म्हणू नये.

त्यानंतरही एक गोष्ट उरते. विलीनीकरणानंतर बँकांच्या परिपत्रकांत जुन्या शाखा आणि कर्मचारी ओळखण्यासाठी 'ई-देना', 'ई-विजया' असे शब्द रूढ झाले; 'पूर्वीची' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते आद्याक्षर. प्रशासनाला अशा खुणेची काही काळ गरज पडते हे मान्य आहे. पण माणसाची ओळख करून देतानाही ती खूण वापरली जाऊ लागली की ती जातीसारखी चिकटते. ती कोणत्या तारखेपासून कागदपत्रांतून जाईल, हे आधीच ठरवून टाकावे.

अडचणीत आलेली संस्था विलीन होते तेव्हा ही खूण अधिक बोचते. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेतील अपहार उघड झाल्यावर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध घातले आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. अशा बँकेतील साध्या लिपिकाने किंवा रोखपालाने काहीही केलेले नसते. उलट खिडकीसमोर उभ्या असलेल्या संतप्त ठेवीदारांना त्यानेच तोंड दिलेले असते. नव्या सहकाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे.

विलीनीकरणानंतर बदली टाळता येते का?

बदलीची अट नेमणूकपत्रात असेल तर सहसा नाही. मात्र जुन्या संस्थेचे कार्यक्षेत्रच लहान होते, तेथे प्रश्न नैतिक होतो. १ मे २०२५ पासून 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणानुसार विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. आधीच्या एका बँकेची प्रायोजक बँक ऑफ इंडिया होती, दुसरीची बँक ऑफ महाराष्ट्र. आता सारे राज्य एकच कार्यक्षेत्र आहे. मराठवाड्यात नोकरी करू म्हणून रुजू झालेल्या तरुणीला सिंधुदुर्ग किंवा गडचिरोली हे शब्द आता स्वतःच्या बदलीच्या आदेशात दिसू शकतात. पहिली दोन वर्षे विनंतीखेरीज विभागाबाहेर बदली करू नये, आणि पती-पत्नी एकत्रीकरण, दिव्यांग पाल्य, गंभीर आजार यांचे निकष दोन्ही बाजूंना एकच ठेवावेत, असे माझे मत आहे.

स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तर स्वीकारावी का?

भारतीय स्टेट बँकेत १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक विलीन झाली. सहयोगी बँकांनी २० वर्षे सेवा आणि ५५ वर्षे वय पूर्ण झालेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली होती आणि सुमारे २,८०० जणांनी ती घेतली. निर्णय घेताना एकरकमी मिळणाऱ्या आकड्याकडे पाहू नये. उरलेल्या वर्षांचे वेतन, निवृत्तिवेतनावर होणारा परिणाम, वैद्यकीय विमा आणि प्राप्तिकर यांचा एकत्र हिशेब मांडावा. रागाच्या भरात किंवा 'नव्या लोकांत आपले कसे होणार' या भीतीने सही करू नये. व्यवस्थापनानेही ध्यानात घ्यावे की, अशा योजनेत बाहेर मागणी असलेली माणसे आधी जातात, आणि त्यांच्याबरोबर कोणत्या ग्राहकाशी कसे बोलायचे हे ज्ञानही जाते.

सर्व काही सांगण्याची परवानगी नसते. अशा वेळी विभागप्रमुखाने लोकांशी काय बोलावे?

शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांत समभागांच्या भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती उघड करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे काही गोष्टी सांगता येतच नाहीत. ते तसेच सांगावे. काय ठरले आहे, काय ठरायचे आहे आणि काय सांगण्याची मुभा नाही, असे तीन भाग करून दर आठवड्याला ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी बोलावे. नवे काही नसेल तरीही बोलावे. एक आठवडा चुकला की लोक त्याचा अर्थ लावतात, आणि तो अर्थ जेवणाच्या सुट्टीत सर्व मजल्यांवर पोहोचतो. विभागप्रमुखाला स्वतःच्या जागेचीही खात्री नसते, हे वरिष्ठांनी विसरू नये. अनेक ठिकाणी त्याला बातमी वर्तमानपत्रातून कळते आणि त्याच सकाळी चाळीस लोकांसमोर उभे राहावे लागते. त्याला किमान एक दिवस आधी विश्वासात घ्यावे.

संघटनांशी चर्चा केव्हा सुरू करावी?

योजनेचा मसुदा अंतिम होण्याआधी. बडोदा, विजया, देना यांच्या विलीनीकरणाविरुद्ध बँक संघटनांच्या संयुक्त मंचाने २६ डिसेंबर २०१८ रोजी देशव्यापी संप केला. विलीनीकरण थांबले नाही. पण कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती कमी लाभाच्या असणार नाहीत हे शब्द योजनेत येतात, ते संघटनांच्या अशा दबावाची जाणीव ठेवूनच. एकाच संस्थेत दोन संघटना आल्या तर मोठ्या संघटनेशीच बोलणे सोपे वाटते. लहान संघटनेला बाहेर ठेवल्याची किंमत नंतर न्यायालयात मोजावी लागते.

कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी यांचा विचार कोणी करायचा?

बहुतेक विलीनीकरणांत कोणीच करत नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते. योजनेतील 'कर्मचारी' या शब्दात ही माणसे येत नाहीत, कारण त्यांचा मालक कंत्राटदार असतो. दोन कंत्राटे एक झाली की एक कंत्राटदार जातो आणि त्याच्याबरोबर पंधरा वर्षे त्याच इमारतीत राबलेली माणसे जातात. नव्या कंत्राटात जुन्या कामगारांना प्राधान्य देण्याची अट घालणे पूर्णपणे मुख्य संस्थेच्या हातात असते. जुन्या कंत्राटदाराने भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विम्याचे हप्ते भरले आहेत की नाहीत, हे शेवटचे बिल चुकते करण्याआधी तपासणेही तिच्याच हातात असते.

संगणकप्रणाली बदलताना कोणती काळजी घ्यावी?

नवी प्रणाली येणाऱ्या आठवड्यात शाखेवर किंवा विभागावर कामाचा दुप्पट भार पडतो आणि ग्राहकांचा रागही त्याच लोकांना झेलावा लागतो. मूळ संस्थेतील अनुभवी सहकारी किमान पंधरा दिवस प्रत्यक्ष शेजारी बसलेला असावा. हेल्पलाइनचा क्रमांक पुरत नाही. त्या काळातील चुकांसाठी खुलासापत्रे काढू नयेत.

विलीनीकरण यशस्वी झाले हे कशावरून ओळखायचे?

ताळेबंदावरून वर्षभरात काहीतरी कळते, पण ते खर्च वाचल्याचे असते. मी तीन गोष्टी पाहतो. दोन्ही बाजूंची माणसे राजीनामा देण्याचे प्रमाण सारखे आहे का. तिसऱ्या वर्षीच्या बढतीच्या यादीत लहान संस्थेचा वाटा तिच्या मूळ संख्येच्या जवळपास आहे का. आणि तक्रार निवारण समितीकडे येणाऱ्या अर्जांत 'आम्ही' आणि 'ते' हे शब्द अजून येतात का. पहिल्या दोन गोष्टींची आकडेवारी मानव संसाधन विभागाकडे असतेच, ती दर सहा महिन्यांनी संचालक मंडळापुढे ठेवावी.

कर्मचाऱ्याने स्वतःजवळ कोणती कागदपत्रे जपून ठेवावीत?

मूळ नेमणूकपत्र, कायम झाल्याचे पत्र, प्रत्येक बढतीचा आदेश, विलीनीकरणाच्या आधीच्या बारा महिन्यांच्या वेतनपावत्या, रजाशिल्लकीचा उतारा, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, ग्रॅच्युइटी आणि विम्यासाठी केलेली नामनिर्देशने, मिळालेली प्रशस्तिपत्रे आणि विलीनीकरणाच्या योजनेची प्रत. यातील बरेच काही जुन्या कंपनीच्या ईमेलवर किंवा कर्मचारी पोर्टलवर असते, आणि ते पोर्टल एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी बंद होते. त्याआधी सर्व उतरवून घ्यावे, आणि नामनिर्देशन नव्या संस्थेत पुन्हा भरून त्याची पोच घ्यावी. जुने नामनिर्देशन आपोआप पुढे जाईल असे गृहीत धरू नये.